मूळ डेपोला तोटा

जगात कुठेही एखादा प्रांत मोठ्या देशातून वेगळं व्हायचं म्हणू लागला, की आमचे शेजारी दादाराव बोरकुटे टीव्हीचा आवाज बंद करतात आणि पडद्याला विचारतात, "भारमान किती?"

पडदा उत्तर देत नाही. पण उत्तर मिळेपर्यंत त्या प्रांताला स्वातंत्र्य मिळत नाही. निदान पांढरकवड्याच्या आमच्या गल्लीत तरी नाही.

भारमान हा एसटीतला शब्द आहे. गाडीत सीटा किती आणि त्यांतल्या भरल्या किती, याचं प्रमाण म्हणजे भारमान. ते सतत कमी राहिलं की फेरी बंद होते. दादाराव एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडीतून उतरले नाहीत. अजून शर्ट खाकीच शिवतात. घंटी तर अंगातच गेली आहे. एसटीत दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. दादारावांचा सगळा संसार या दोन खुणांवर चालतो. सुमनकाकू भात वाढत असल्या की ताटाच्या कडेवर एक टिचकी म्हणजे पुरे, दोन म्हणजे येऊ दे. ते माझ्या स्कूटरवर मागे बसतात तेव्हाही माझ्या पाठीवर दोन थापा पडल्याशिवाय मी निघायचं नाही, असा नियम आहे. एकदा घाईत मी थापांची वाट न पाहता निघालो, आणि बाजारात पोचल्यावर कळलं की मागे कोणी नाही. परत आलो तर हे फाटकापाशी तसेच उभे.

"घंटी कोनं देल्ली तुमाले?" एवढंच म्हणाले.

छोट्या देशांचा नाद त्यांना एका नकाशापायी लागला. कधीकाळी राळेगावच्या गाडीत कोणा विद्यार्थ्याचं शाळेचं नकाशांचं पुस्तक राहिलं होतं. त्यांनी ते डेपोत जमा केलं, मुदत संपली, न्यायला कोणी आलं नाही, तेव्हा ते रीतसर विचारून घरी आणलं आणि माळ्यावर टाकलं. निवृत्तीनंतर माळा आवरताना ते हाती लागलं. त्याच सुमारास माझ्या मुलीची शाळा संपली होती आणि तिची पुस्तकं मी वाटत होतो. त्यातलं नकाशांचं नवं पुस्तक त्यांनी मागून नेलं. संध्याकाळी दोन्ही पुस्तकं काखेत घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले. चेहरा असा की एखाद्या फेरीचा हिशोब जुळत नसावा.

"हे पाहा. यात इथं एकच देश हाये. अन् यात त्याच जागी पंधरा. हा एक होता, त्याचे दोन झाले. अन् हा युगोस्लाव्हिया तर नावालेबी नाही."

मी म्हणालो, "झाले ते वेगळे."

"इतक्या गाड्या सुटल्या," ते म्हणाले, "अन् मले कोनं सांगतलं नाही."

"काका, याला पंचवीसेक वर्षं होऊन गेली."

"तवा मी ड्युटीवर होतो."

तेव्हापासून त्यांनी ठरवलं, की आता एकही देश आपल्या नकळत सुटू द्यायचा नाही. त्यांनी एक फॉर्म बनवला. एखाद्या गावानं नवी बस मागितली की तिथं गाडी परवडेल का, हे पाहायची एसटीतली पद्धत त्यांना तोंडपाठ होती. तीच त्यांनी जगाला लावली. वर देशाचं नाव, मूळ संघ आणि लोकसंख्या. खाली दहा चौकोन, म्हणजे दहा सीटा. प्यायचं पाणी आपलं आहे का, एक सीट. खायला आपलं पिकतं का, एक सीट. विकायला काही आहे का, एक. आणि ते सरणारं नाही ना, आणखी एक. मग माल न्यायला रस्ता किंवा बंदर, शेजाऱ्याचा स्वभाव, शिकवणारे, औषध देणारे, असं करत दहा. सहा सीटा भरल्या की फेरी मंजूर.

आणि सगळ्यात खाली, चौकोनांच्या बाहेर, एक वेगळी ओळ: मूळ डेपोला तोटा.

"हे कशासाठी?" मी विचारलं होतं.

"नवी गाडी सुरू झाली की जुन्या गाडीचे पॅसेंजर तुटतात. नवी मागनारा आपला फायदा सांगते. जुनीचं काय झालं, ते जुनीच्या कंडक्टरलेच माहीत. म्हणून ही ओळ मूळ डेपोनंच भराची असते." मग पुढे म्हणाले, "अन् मूळ डेपो नेहमी फुगवून लिहते. आजवर एकानंबी शून्य लिहलं नाही."

लांबच्या देशांच्या बाबतीत ही ओळ ते बातम्यांवरून भरतात आणि पुढे कंसात 'ऐकीव' असं लिहितात. इतका काटेकोरपणा मी सरकारी कचेरीत पाहिलेला नाही, आणि मी सरकारी कचेरीतच आहे.

नौरू हा त्यांचा लाडका धडा. समुद्रातलं एवढंसं बेट. पक्ष्यांच्या विष्ठेपासून तयार झालेलं खत खणून विकलं, श्रीमंत झालं, खत संपलं, गरीब झालं. आता बोरकुट्यांच्या घरी लोणच्याची बरणी तळाला गेली की सुमनकाकूसुद्धा "नौरू झालं" म्हणतात. याउलट तुवालू. त्या देशाच्या वाट्याला इंटरनेटच्या पत्त्यातली '.tv' ही जी अक्षरं आली, ती टीव्हीवाल्यांच्या कामाची निघाली, आणि देश ती वापरायला देऊन पैसे कमावतो. "सोताचं नाव विकून खाते, अन् नाव सरत नाही. याले म्हणते अक्कल." स्कॉटलंडवर मात्र त्यांचा राग आहे. "गाडी फलाटाले लागली, दार उघडलं, अन् निम्म्याहून जास्त लोक म्हणे आपलं जुन्या गाडीतच बरं. मंग बोलावली काहून?"

सिंगापूरबद्दल ते हळू आवाजात बोलतात. त्याला मलेशियातून उतरवून दिलं होतं, आणि त्या दिवशी त्यांचा सगळ्यात मोठा माणूस टीव्हीवर रडला होता, हे मीच त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उतरनारा रडला ते लिहून हाये. उतरवनारा रडला का, ते कोनं पाह्यलंच नाही."

आता या सगळ्यात मी कुठे येतो ते सांगतो. मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीच्या कामाला आहे. भावाभावांत वावराचे हिस्से पडले की आम्ही जाऊन हद्दी कायम करतो. दोन्ही भाऊ दोन्ही बाजूंनी माझ्या कानाशी बोलत असतात, आणि मी आकडा सांगतो. आकडा चुकलेला दिसला की मला अन्न गोड लागत नाही. लग्नाच्या पत्रिकेतला मुहूर्त पंचांगाशी ताडून मी आमच्या व्याह्यांना फोन केला होता, हे बायको अजून सगळ्यांना सांगते. तर दादारावांनी आइसलँडचा फॉर्म कौतुकानं दाखवला, आणि मी तो पाहून म्हणालो, "काका, क्षेत्रफळ चुकलं. जुन्या पुस्तकातले मैल आहेत, तुम्ही किलोमीटर धरले."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. दादाराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

"एकतीस वर्षांत एका चेकरनं मले पकडलं नाही. एका तिकिटाचा फरक नाही. तुमी पकडलं."

त्या दिवसापासून मी चेकरसाहेब झालो. प्रत्येक फॉर्म माझ्याकडे येतो, मी तपासतो आणि खाली 'तपासले, बरोबर' लिहून सही करतो. गेल्या महिन्यापर्यंत एकोणसाठ फॉर्म झाले होते. त्यांतले चौदा मी परत केले. तपासल्याशिवाय एकावरही सही केलेली नाही.

यवतमाळ जिल्ह्यात राहून हा माणूस नौरूचं काय सांगतो, आपल्या विदर्भाचं बोला म्हणा, असं वाचकाच्या मनात आलं असेल. ते सगळ्यांच्याच मनात येतं. वेगळा विदर्भ मागणाऱ्या इथल्या एका मंडळानं म्हणूनच त्यांना भाषणाला बोलावलं. शाल दिली, नारळ दिला, आणि माइक दिला. माइक द्यायला नको होता.

दादारावांनी एका टोल्यापासून सुरुवात केली. टोला म्हणजे मोठ्या गावाबाहेरची लहान वस्ती. राळेगावकडच्या त्या टोल्यानं बस मिळावी म्हणून रस्ता अडवला होता. पाचशे माणसं रस्त्यावर बसली. बस मंजूर झाली. पहिल्या दिवशी गाडीला हार घातला, नारळ फोडला, कंडक्टर म्हणून दादारावांना कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी गाडीत सात जण. बाकीचे मोटारसायकलवरून गाडीच्या बाजूनं हात करत गेले.

"गाडी मागनारे वेगळे," दादाराव माइकवर म्हणाले, "बसनारे वेगळे."

मंडळाचे अध्यक्ष कानाशी येऊन म्हणाले, "काका, विदर्भावर या."

"येतो न. गाडी आता मारेगावात हाये, वणीले पोचू द्या."

पाऊण तासानं गाडी वणीला पोचली. तेव्हा त्यांनी सभेला विचारलं, "वेगळं निंगल्यावर पहिले दोन-चार वर्षं कठीन जातील. सगळ्याच देशाईले गेले. तवा कुरकुर करनार नाही, असे किती हायेत? हात नका करू, हात तर गाडीलेबी कोनी करते. जे बसनार, ते इथं पुढं येऊन बसा."

पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. ते मागे पाहू लागले. मागच्यांची अशी समजूत झाली की नाश्ता पुढे वाटताहेत, म्हणून ते उठून पुढे आले. दादारावांनी त्यांना बोट लावून मोजलं. "एकवीस. भारमान नोंदलं." अध्यक्षांनी आभार मानले.

हे ऐकून पुढच्या महिन्यात अखंड महाराष्ट्रवाल्यांनी त्यांना बोलावलं, हा आपला माणूस आहे असं समजून. तिथं ते म्हणाले, "गाडी एकच राहू द्या म्हणता, ठीक हाये. पण मागच्या सीटवर कवा बसून पाह्यलं का? हाडं खिळखिळी होतात. समोरच्याले रस्ता गुळगुळीतच वाटते." त्यानंतर दोघांपैकी कोणीही बोलावलेलं नाही. दोन्हीकडच्या शाली सुमनकाकूंनी एकाच गादीखाली अंथरल्या आहेत.

विदर्भाचा फॉर्म त्यांच्या कपाटात आहे. चौकोन भरलेले आहेत. किती, ते त्यांनी मलाही दाखवलेलं नाही. खालची ओळ कोरी आहे म्हणून ते तो तपासायला देत नाहीत. "मूळ डेपो मुंबई हाये. तिनं भरू द्या. मी कायले भरू?"

आता घरातलं सांगतो. दादारावांचा एकुलता एक मुलगा संदीप चार वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला. घरात उरले चौघं: दादाराव, सुमनकाकू, सून रजनी आणि नात परी. परी तेव्हा पाच वर्षांची होती, आता नऊची आहे. त्या दिवसांबद्दल दादाराव माझ्याशी कधी बोलले नाहीत. मात्र फॉर्म सर्वांत जास्त त्याच वर्षी झाले. माझ्या नोंदीप्रमाणे एकोणसाठपैकी एकवीस.

रजनी नर्सिंग शिकलेली. इथल्या एका खाजगी दवाखान्यात जात होती, आणि रात्री स्वयंपाकघर आवरलं की परीक्षेचा अभ्यास करत होती. या वर्षी तिला कायम नोकरीचा आदेश आला. आरोग्यसेविका. गाव वणीच्याही पुढे, आणि अट अशी की मुक्काम तिथंच करायचा. म्हणजे इथलं घर सोडून, परीला घेऊन, वेगळं राहायचं.

सुमनकाकू आमच्याकडे येऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, "वेगळी निंगून राह्यली पोरगी. दोन जीव. कोन हाये तिले तिथं?" मग माझ्याकडे वळून, "तुमच्या काकांले सांगा नाही म्हना. रजनी त्यांचं ऐकते."

गल्लीचंही मत असंच होतं. दोन माणसांचा देश. चार सीटासुद्धा भरणार नाहीत, असा अंदाज होता.  आठ दिवस दादारावांनी टीव्ही लावला नाही. एकदा फक्त मला म्हणाले, "रोज जानं-येनं केलं तर? सकाळची पहिली गाडी, संध्याकाळची शेवटची." त्यांनी वेळापत्रक कागदावर मांडलेलं होतं. मी तपासलं. शेवटची गाडी चुकली की त्या दिवशी पोर आईविना झोपणार होती. ते त्यांनाही दिसलं होतं. त्यांनी कागद परत घेतला आणि खिशात ठेवला.

रविवारी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर चहा घेत होतो. रजनी आतून आली. हातात फॉर्म. तिनं तो कपाटातून काढून स्वतःच भरायला घेतला होता. दादारावांपुढे धरून म्हणाली, "मामाजी, माझा फॉर्म पाहा." आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

दादारावांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

"देशाचे नाव, रजनी संदीप बोरकुटे. मूळ संघ, बोरकुटे परिवार, पांढरकवडा. लोकसंख्या, दोन." चष्म्यावरून पाहिलं. "लोकसंख्येत परी धरली?"

"धरली."

"तिले इचारलं?"

"विचारलं. ती म्हणे, आबाजी मंजूर करतील तर."

दादारावांनी शर्टाची वरची गुंडी लावली. मग खिशातलं पेन काढलं.

"प्याचं पानी?"

"क्वार्टरला नळ आहे. एक दिवसाआड येते."

"इथंबी एक दिवसाआडच येते. सीट भरली. विकाले काय हाये?"

"काही विकत नाही जी मी. सुया टोचते."

"ते काम सरते का?"

"लोकांचं आजारी पडणं कुठं सरते, मामाजी."

"मंग हे नौरू नाही."

"नाही."

"दोन सीटा. शेजारी?"

"बाजूला शाळेच्या मॅडम राहतात. भांडखोर आहेत म्हणे."

"सीमेवर भांडखोर बरा, चोर येत नाही. पन आपल्याशीबी भांडल. अर्धी सीट."

"अर्धी सीट कधीपासून आली?"

"परी बाराच्या आत हाये," दादाराव म्हणाले. "अर्धं तिकीट चालते."

दारात सुमनकाकू पदर धरून उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "अन् ताप आला तर? कोन पाह्यल तिले?"

"औषध देनारे. ही सीट तर तिची सोताचीच हाये. बाकीचे देश त्याच्यासाठी बाहेरून मानसं बोलावतात." त्यांनी चौकोन भरला. "खायाले पिकते का?"

"तूर, ज्वारी इथूनच नेईन न."

"आयात," दादाराव म्हणाले आणि चौकोन रिकामा सोडला.

सुमनकाकू एकदम पुढे आल्या. "म्हंजे नापास?"

"एक सीट रिकामी गेली. गाडी नाही थांबत तेवढ्यानं."

रस्ता होता. शाळा होती, त्या भांडखोर मॅडमचीच. एक सीट होती 'मागणारा खरंच बसणार का', या प्रश्नाची. दादारावांनी पेन उचललं, पण विचारलं नाही. रजनीकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं. ती अनवाणी, सरळ उभी होती. त्यांनी तो चौकोन भरला. शेवटचा चौकोन अडचणीच्या वेळी मदतीला कोण, याचा. तो त्यांनी भरला नाही, त्यावर काटही मारली नाही, तसाच कोरा ठेवला. मी मनात बेरीज केली. साडेसात.

"साडेसात," ते म्हणाले. "फेरी मंजूर."

सुमनकाकू आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही बंद झाला.

उरली होती खालची ओळ. दादारावांनी कागद स्वतःकडे वळवला, डाव्या हातानं आडोसा केला आणि काहीतरी लिहिलं. फार थोडं लिहिलं, पण वेळ बराच घेतला. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "चेकरसाहेब."

मी तपासायला घेतला. चौकोन मोजले. बेरीज बरोबर होती. खाली नजर गेली. मूळ डेपोला तोटा: शून्य.

मी मोजणीचा माणूस आहे. त्या घराच्या चारही हद्दी मला माहीत आहेत. परीची शाळा चार वाजता सुटते आणि दादाराव सव्वातीनला फाटकाशी जाऊन उभे राहतात. घरी आली की ती नकाशाचं पुस्तक उघडते, एका देशाच्या नावावर अंगठा ठेवते, आणि ते जाणूनबुजून चुकीचं नाव सांगतात. सकाळची रक्तदाबाची गोळी रजनीनं हातावर ठेवल्याशिवाय त्यांना आठवत नाही. सुमनकाकूंच्या गुडघ्यांना तेल तीच लावते. संदीपच्या खोलीतला दिवा या चार वर्षांत रोज लागला, तो रजनी आणि परीमुळे. त्या गेल्या की त्या घरात चार सीटांपैकी दोन रिकाम्या. हे मी न विचारता सांगू शकतो. हे कोणीही सांगू शकलं असतं.

आकडा चुकला होता. मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं. एकतीस वर्षांत एका तिकिटाचा फरक न आलेला माणूस माझ्याकडे पाहत बसला होता, फुकट्या प्रवासी पाहतो तसा.

"सही करा," ते म्हणाले. "पोरीले तयारी कराची हाये."

मी पेन घेतलं. 'तपासले, बरोबर' असं लिहिलं आणि सही केली. साठावा फॉर्म. चुकीचा आकडा पाहूनही मी पास केलेला हा एकच.

रजनीनं फॉर्म उचलला, खालपर्यंत वाचला आणि तिथंच थांबली. "मामाजी, ही शेवटची ओळ..."

"ते मूळ डेपोचं काम हाये," दादाराव चष्मा पुसत म्हणाले. "तू नको पाहू. तू सामान बांध."

पुढच्या सोमवारी सकाळच्या वणीच्या गाडीनं त्या निघाल्या. सुमनकाकूंनी पाच किलो तुरीची डाळ, लोणच्याची भरलेली बरणी आणि गुडघ्यांच्या तेलाची बाटली बांधून दिली. ती बाटली कशाला, ते मी विचारलं नाही. पिशव्या वर चढवायला मी स्टँडवर गेलो होतो. दादाराव इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आले होते. त्यांनी दोघींच्या सीटा धरल्या, खिडकीची काच वर-खाली करून पाहिली, परीचं अर्धं तिकीट स्वतः तपासलं आणि खाली उतरले. कंडक्टर मुलगी त्यांना ओळखणारी होती. दारातून म्हणाली, "काका, घंटी तुमीच द्या आज."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी क्षणाचाही वेळ लावला नाही. गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, एकामागून एक, स्वच्छ. गाडी वेळेवर सुटली. खिडकीतून परीनं अंगठा दाखवला, देशाच्या नावावर ठेवायची तसा. दादाराव म्हणाले, "ब्राझील." तिला ऐकू गेलं नसणार.

गाडी वळणाआड गेली. मी स्कूटर चालू केली. दादाराव मागे बसले. मी पाठीवरच्या दोन थापांची वाट पाहू लागलो. गाडीचा धूर विरला, पुढची यवतमाळची गाडी फलाटाला लागली, माणसं चढली, ती गाडीही निघून गेली. माझ्या पाठीवर काही पडलं नाही. मी मागे वळून पाहिलं नाही.

पानठेलेवाला बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "काय जी, स्कूटर बिघडली काय?"

"नाही," मी म्हणालो. "अजून घंटी झाली नाही."